हशाच्या आडून फोटो काढणारे लोणकर

लोणकरांना माझं नाव ठाऊक होतं, पण ते त्यांनी कधी उच्चारलं नाही. मी दिवसा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाट्यसंस्थेची प्रकाशयोजना सांभाळायचे, म्हणून ते मला पहिल्या भेटीपासून 'वीजमंडळ' म्हणत. "काय वीजमंडळ, आज लोडशेडिंग वाटतं?" हा त्यांचा नमस्कार. मी रंगमंचावर भर दुपारचं ऊन पाडलं तरी ते कपाळावर हात धरून इकडेतिकडे बघत आणि शेजारच्याला विचारत, "नाटक सुरू झालंय का हो? नाही, काही दिसेना म्हणून विचारलं."

ते आमचे फोटोग्राफर. आम्ही त्यांना नेमलं होतं अशातला भाग नाही. ते स्वतःच स्वतःला नेमून आले होते आणि त्यांना काढून टाकण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. नोकरी टेलिफोन खात्यात. घरी फोन यावा म्हणून लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत त्या काळात लोणकरांच्या फोटोंचे चाहते पुण्यात गल्लोगल्ली होते. "काय फोटो आहे हो लोणकरसाहेब! जिवंत! आणि ते आमच्या अर्जाचं..." लोणकर यातला पहिला भाग शांतपणे ऐकून घेत आणि दुसऱ्या भागाला त्यांना कमी ऐकू येई. त्यांनी कुणाचाही नंबर कधी पुढे सरकवला नाही आणि यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. पुढे मागेल त्याला फोन मिळू लागला, मग मोबाइल आले, आणि लोणकरांच्या कलेचे जाणकार पाहता पाहता पांगले. "पुण्याची अभिरुची घसरली," असं निदान त्यांनी केलं आणि तेच ते शेवटपर्यंत धरून बसले.

फ्लॅश या वस्तूचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. एकदा आमच्या प्रयोगाआधी कुणा पाहुण्यांचा सत्कार होता. सत्काराचा फोटोग्राफर फुकट नाटक बघायला मागे थांबला आणि सवयीने पहिल्याच प्रवेशात त्याने लखकन फ्लॅश उडवला. लोणकर आपल्या खांबापासून निघाले. डाव्या बाजूला, पहिल्या रांगेजवळ एक खांब होता, त्याला पाठ टेकून ते उभे राहत. ते अंधारातून सरळ त्या माणसापर्यंत गेले, त्याच्या फ्लॅशवर स्वतःचा रुमाल घातला, रुमालाला गाठ मारली आणि खांबाशी परत आले. मध्यंतरात तो माणूस तणतणत आला.

"अहो, हे काय चालवलंय तुम्ही?"

"आत जो अंधार आहे ना, तो लोकांनी तिकीट काढून घेतलेला आहे. तुमचा उजेड तुम्ही घरी न्या. रुमाल धुऊन परत करा."

माझ्या अंधाराची बाजू त्यांनी घेतल्याचा हा एकमेव प्रसंग.

आता फ्लॅश नाही म्हटल्यावर मंद प्रकाशात फोटो काढायचा कसा? कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात नट हलला की त्याचं धुकं होतं. शिवाय लोणकरांच्या त्या जुन्या कॅमेऱ्याचा खटका असा वाजे की शेवटच्या रांगेतला माणूस दचकावा. या दोन्ही अडचणींवर त्यांनी एकच उपाय शोधला होता, तो म्हणजे हशा. नटाला हशा मिळाला की तो थांबतो. हौशी नट तर जरा जास्तच थांबतो. श्वाससुद्धा घेत नाही, न जाणो, हशा विरला तर! त्या क्षणी तो पुतळ्याइतका स्थिर असतो आणि प्रेक्षागृहात एवढा गलबला असतो की खटका कुणाच्या कानावर जात नाही. लोणकर प्रत्येक नाटकाचा पहिला प्रयोग कॅमेऱ्याशिवाय बघत, हशे कुठे कुठे येतात ते डोक्यात बसवत आणि दुसऱ्या प्रयोगाला कॅमेरा घेऊन येत. शांततेत त्यांनी कधीही बटण दाबलं नाही. प्रेक्षकांत कुणी वेफर्सची पिशवी चुरचुरवली तरी ते अशी नजर टाकत की तो माणूस वेफर भिजवून खाई.

पद्धत बिनचूक होती. फोटोही सुरेख यायचे, ते मान्य केलंच पाहिजे. फक्त एक झालं, की आमच्या संस्थेची जेवढी नाटकं लोणकरांनी टिपली त्या सगळ्यांत माणसं सदैव विनोदी अवस्थेत आहेत. एका ऐतिहासिक नाटकात राजा मरतो. त्याचा फोटो आहे तो पगडी सरकली तेव्हाचा.

या सगळ्याचा खरा जाच झाला तो शालूताईंना. शालूताई आमच्या संस्थेतल्या सगळ्यात चांगल्या नटी, यावर आमच्यासारख्या भांडकुदळ लोकांतही मतभेद नव्हता. त्यांचं एक गंभीर नाटक आम्ही वर्षानुवर्षं करत होतो. घर सोडून गेलेला नवरा एका संध्याकाळी अचानक परत येतो, एवढीच गोष्ट. तिसऱ्या अंकात ती त्याला जेवायला वाढते. कुणी एक शब्द बोलत नाही. तो जेवतो, ती समोर बसून त्याच्याकडे बघते, बाजूला एक उघडी खिडकी, आणि ताटावर वरून एकच दिवा. त्या दिव्याचा मला फार अभिमान होता. लोणकर म्हणत, "फ्रिजचं दार उघडं राहिल्यासारखं वाटतं." पण त्या प्रवेशात प्रेक्षागृहात कुणी खोकत नसे. आणि कुणी खोकत नाही म्हणजे लोणकरांचा कॅमेरा खाली. नाटकात हशे होते ते फक्त एका भोचक शेजारणीला, त्यामुळे नाट्यगृहाबाहेरच्या काचेच्या पेटीत फोटो लागले तेही तिच्याच प्रवेशांचे. एकदा एक कुटुंब आजोबांच्या वाढदिवसाला म्हणून, ती पेटी बघून, हसायला आलं. मध्यंतरात त्यांतल्या बाई तिकीट खिडकीवर जाऊन म्हणाल्या, "अहो, बाहेर तर सगळे हसत होते! आमच्या आजोबांना रडवलंत तुम्ही." आजोबा मात्र जागेवरून उठायला तयार नव्हते.

नवऱ्याचं काम करायचे जोगळेकर, बँकेतले. त्यांचा एकही फोटो पेटीत नव्हता. त्यांनी एकदा लोणकरांना गाठलं.

"लोणकर, मी दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसता. ऐकू मात्र येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला हशा नाही हो. हशा आणा, फोटो काढतो."

कुठल्याही समंजस माणसाने हे हसण्यावारी नेलं असतं. जोगळेकर घरी जाऊन विचार करत बसले. पुढच्याच प्रयोगात, त्या मूक प्रवेशात, सगळं नाट्यगृह जीव मुठीत धरून बसलेलं असताना, जोगळेकरांनी ताटावरून मान वर केली आणि एक भलामोठा, तब्येतीत ढेकर दिला. प्रेक्षागृह कोसळलं. जोगळेकर पुतळ्यासारखे स्थिर झाले आणि त्या गदारोळात, मला माझ्या जागेवरून दिसलं, लोणकरांचं बोट हललं. फोटो अप्रतिम आला. इतका रेखीव, की ताटातली कोशिंबीर कसली ते सांगता यावं. लोणकरांनी तो मोठा करून पेटीत लावला.

शालूताईंनी पेटीची किल्ली मागवली, फोटो बाहेर काढला आणि लोणकरांच्या हातात दिला. "त्या प्रवेशाचा हा एवढा एकच फोटो आहे जगात," त्या म्हणाल्या, "आणि त्यात मी ढेकर ऐकतेय." पुढे बरेच दिवस त्या दोघांशीही बोलल्या नाहीत. जोगळेकरांबरोबर नवरा-बायकोचं काम करताना ते सोयीचंच पडलं.

वर्षं गेली. आमच्यातली निम्मी मुलं हिंजवडीला आणि खराडीला नोकरीला लागली आणि तालमींना "ट्रॅफिकमध्ये आहे" असे निरोप येऊ लागले. लोणकर निवृत्त झाले. त्यांची मुलगी मुग्धाही खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक नाटुकलं बसवलं तेव्हा तिने बाबांना फोटो काढायला नेलं. आलेल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि प्रत्येक जण बटण दाबत सुटलेला. हशा आला की लोक हसायच्या ऐवजी तो रेकॉर्ड करत. एक मुलगा येऊन म्हणाला, "अंकल, फ्लॅश मारो ना, चेहरा डार्क येतोय." लोणकर म्हणाले, "तो मुळातच तसा आहे." आणि एकही फोटो न काढता बसने कोथरूडला परत आले. तेवढ्यासाठी मुग्धा त्यांच्यावर रागावली, आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं. हौसेने नेलं होतं तिने.

तरी त्याच मुलीने पुढच्या दिवाळीत त्यांना नवा कॅमेरा आणला.

"बाबा, हा फुल्ली सायलेंट आहे. म्हणजे झीरो आवाज. आणि लो लाइटला बेस्ट, मी सगळे रिव्ह्यू वाचलेत."

"आवाज नाही, तर फोटो निघाला हे कळायचं कसं?"

"मागे स्क्रीनवर दिसतो ना, बाबा!"

"म्हणजे नाटक सोडून मी टीव्ही बघायचा."

तो कॅमेरा कपाटात गेला आणि तिथेच राहिला असता. पण त्याच सुमाराला शालूताईंचे गुडघे बोलू लागले आणि मुलाने त्यांना कायमचं बेंगळुरूला न्यायचं ठरवलं. नाटकाचा शेवटचा प्रयोग ठरला. त्याआधी एका तालमीला शालूताई लोणकरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या कुणापुढे कधी शब्द टाकणाऱ्या नव्हेत. त्यांना ते जड जात होतं हे मला शेजारून कळत होतं.

"लोणकर, तिकडे मला कुणी ओळखत नाही. मी इथे काय करायचे ते सुनेला सांगायला, नातवाला दाखवायला माझ्याकडे काय आहे? जोगळेकरांचा ढेकर. मला तो प्रवेश एकदा काढून द्या."

"आत्ता तालमीत करा. वीजमंडळ हवा तेवढा उजेड देईल."

"समोर माणसं नसली की मी नुसती वाढते हो. तशी तर मी घरी रोजच वाढते."

लोणकर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बघतो."

पुढचे काही दिवस त्यांनी त्या मुक्या कॅमेऱ्याची कसून परीक्षा घेतली. म्हणजे काय केलं, तर भर दुपारी गॅलरीत बसून तो कानाशी धरला आणि बटण दाबून दाबून ऐकलं. काही ऐकू आलं नाही. वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ऐकायला लावलं. त्यांनाही आलं नाही. मागच्या पडद्याचा उजेड प्रेक्षकांना खुपेल म्हणून त्यावर पुठ्ठा चिकटवला. आयुष्यभर अंधारात फोटो काढलेल्या या माणसाने तो कॅमेरा एकदाही अंधारात नेला नाही. आवाजाची एवढी धास्ती होती की दुसरं काही बिघडू शकतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

प्रयोगाला गर्दी लोटली होती. तिसरा अंक आला. शालूताईंनी ताट मांडलं आणि समोर बसल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा लोणकरांसाठी म्हणून तो दिवा किंचित वाढवला, कुणाच्या लक्षात येणार नाही इतपतच. सगळीकडे चिडीचूप. आणि शालूताईंच्या गालावर तांबूस उजेडाचा एक पट्टा पडला.

मी वेड्यासारखी माझ्या बटणांकडे बघू लागले. तसला दिवा माझ्याकडे नव्हताच. पट्टा विझला, पुन्हा पेटला, जोगळेकरांच्या टकलावर जरा रेंगाळला आणि परत शालूताईंच्या गालावर आला. तेव्हा कुठे मी खांबाकडे पाहिलं. अंधारात फोकस सापडावा म्हणून ते नवे कॅमेरे स्वतःचा एक छोटा दिवा लावतात. लोणकरांच्या डोळ्याला कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्याच्या कपाळावर तो तांबडा दिवा, साऱ्या प्रेक्षागृहाला दिसेल असा.

शालूताईंचा शेवटचा प्रयोग, तो प्रवेश, आणि हा माणूस! शालूताईंनी सावकाश मान वळवून त्या उजेडाकडे पाहिलं. मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, जे त्या रंगमंचावर कधी करत नसत. खिडकीपाशी गेल्या, रस्त्यावरून कुणी घरात बॅटरीचा झोत मारला असावा तशा किंचित थबकल्या, आणि खिडकीची दोन्ही दारं लावून घेऊन परत येऊन बसल्या. जोगळेकरांचा घास हातातच राहिला होता. प्रेक्षागृहात कुणी हललंसुद्धा नाही.

प्रयोगानंतर एक प्राध्यापक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तो तांबडा उजेड! गेलेली सगळी वर्षं खिडकीतून आत येतात आणि ती बाई दारं लावून घेते. काय सुचलंय तुम्हाला!" मी "थँक्यू" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात लोणकर तरातरा आले.

"वीजमंडळ, शेवटच्या प्रयोगात ते सिग्नलचे दिवे लावायची बुद्धी कुणी दिली तुम्हाला?"

शेवटी जोगळेकर म्हणाले, "लोणकर, तो दिवा तुमच्याच कॅमेऱ्यात होता."

लोणकरांनी कॅमेरा फिरवून समोरून पाहिला. मग आमच्याकडे पाहिलं. आणि चहा न घेता, म्हणजे चहाला नावं न ठेवता, ते निघून गेले. असं याआधी कधी घडलं नव्हतं.

पुढच्या रविवारी शालूताई मला घेऊन लोणकरांच्या कोथरूडच्या फ्लॅटवर गेल्या. दोन दिवसांनी शालूताईंची बेंगळुरूची गाडी होती. दार लोणकरांनीच उघडलं आणि आम्ही चपला काढायच्या आत सांगून टाकलं, "फोटो आला नाही."

"बाबा, आलाय की! कसला भारी आलाय," आतून मुग्धा म्हणाली.

मग कॅमेरा आणावाच लागला. पुठ्ठा निघाला. शालूताईंनी चष्मा लावला आणि मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. त्या नुकत्याच वळलेल्या, अर्धवट उठलेल्या. एका गालावर तो तांबूस उजेड, दुसरा गाल काळोखात, आणि मागे अंधूक जोगळेकर. पुष्कळ वेळ त्या बघत राहिल्या.

"इतकी म्हातारी दिसते मी?"

"आहात की," लोणकर म्हणाले. "त्या दिवशीपर्यंत दिसत नव्हतात."

शालूताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हळूच म्हणाल्या, "चांगला आहे. मला द्या."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"हा त्या प्रवेशाचा फोटो नाही. मी घाण केली आणि तुम्ही ती निस्तरलीत, त्याचा आहे. नाटक बिघडवून काढलेला फोटो मी कुणाला देत नाही."

"नाव घालू नका तुमचं."

"मला ठाऊक असणार ना!"

आणि आम्हाला काही समजायच्या आत त्यांनी बटण दाबलं. मग पुन्हा एकदा दाबलं, कारण कॅमेरा 'नक्की का?' असं विचारत होता. मुग्धा जवळजवळ किंचाळली, "बाबा! मी बॅकअप नव्हता घेतला!"

मला त्यांचा भयंकर संताप आला. आजही येतो. तो फोटो त्यांचा एकट्याचा नव्हता. एका बाईला आयुष्यभराच्या कामाची एवढी एकच खूण बरोबर न्यायची होती आणि या गृहस्थांनी स्वतःची तत्त्वं सांभाळण्यासाठी ती पुसून टाकली. मी तसं त्यांना तोंडावर म्हणालेही. शालूताई चष्मा डबीत ठेवत होत्या आणि डबी काही केल्या मिटत नव्हती.

तेवढ्यात वहिनी थालीपीठ आणि लोण्याची ताटली घेऊन बाहेर आल्या. इथे काय घडलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. शालूताई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, वहिनींच्या हातातून ताटली घेतली आणि टेबलाशी बसलेल्या लोणकरांपुढे ठेवली. ठेवून ती जराशी फिरवली, लोणी त्यांच्या उजव्या हाताला यावं अशी. पाण्याचं भांडं मांडलं. मग समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी आजवर किती प्रयोगांत तिसऱ्या अंकातलं ते ताट असंच फिरताना माझ्या जागेवरून पाहिलं होतं. मुग्धा काहीतरी बोलायला गेली, मी तिचा हात दाबला.

गॅलरीतून चारचं स्वच्छ ऊन टेबलावर आलं होतं. लोणकरांचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला. शालूताईंनी त्या हाताकडे नुसतं पाहिलं. हात थांबला, मागे आला आणि त्याने थालीपीठाचा तुकडा मोडला. लोणकर मान खाली घालून खाऊ लागले.

वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "काय हो, आज मीठ कमी, तिखट जास्त, काहीच नाही?"

लोणकरांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला.